मृगाचा पूल

रामनगरचा पिप्यांचा पूल दरवर्षी पंधरा जूनला उतरवायचा, असा नियम होता. नदी चढलेली असो की आटलेली, पाऊस आलेला असो की नसो, पंधरा जून म्हणजे पंधरा जून. ही तारीख कुठल्याशा इंग्रज इंजिनियरानं घालून दिली होती म्हणे. तो साहेब गेला, त्याचं राज्य गेलं, त्याच्या राजाचं तोंड नाण्यांवरून गेलं, पुढे नव्या पैशातला ‘नवा’ हा शब्दसुद्धा गळून पडला. तारीख मात्र जागची हलली नाही.

पूल म्हणजे काय, तर लोखंडाचे मोठाले बंद पिपे नांगर आणि साखळदंड लावून पात्रात ओळीनं बांधायचे, त्यांच्यावर तुळया आणि फळ्या टाकायच्या, की झाला रस्ता. दिवाळीनंतर पाणी उतरलं की तो जोडायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी सुटा करून पिपे काठाला लावायचे. मधल्या महिन्यांत रामनगरच्या लोकांनी नावेतून जीव मुठीत धरून बनारस गाठायचं. दूधवाले, भाजीवाले, कोर्टकचेरीचे, दवाखान्याचे, वऱ्हाडी, सगळे या पुलावर अवलंबून होते. आणि पूल बिंदुमाधव पायगुंडे या ओव्हरसियरच्या ताब्यात होता. निदान त्याला तसं वाटायचं. खरं म्हणजे पूल तारखेच्या ताब्यात होता.

पायगुंड्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ राहिलेलं. वडील वेद शिकवायचे. मुलानं संहिता सोडून ओव्हरसियरचा डिप्लोमा घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले, की चला, गंगा तरी सुटली नाही. बिंदुमाधव चाळिशीला आला तरी त्याच दोन खोल्यांत राहत होता, तिसऱ्या मजल्यावर, जिथे पाणी खालून वर न्यावं लागायचं आणि वाळवण घातलं की माकडं खाली न्यायची. त्याची बायको कालिंदी वर्षानुवर्षं एकाच गोष्टीची वाट बघत होती. नवऱ्याला असिस्टंट इंजिनियरची बढती मिळेल, खात्याच्या वसाहतीत नळ असलेलं तळमजल्यावरचं क्वार्टर मिळेल, आणि अंगणात तुळस लावता येईल. तुळस कुठल्या कोपऱ्यात लावायची हेसुद्धा ती एकदा जाऊन बघून आली होती.

आता मृगाचं सांगितलं पाहिजे, कारण पुढची सगळी शोभा त्यानंच केली. पायगुंड्यांच्या घरात मृग पाळला जायचा. सात जूनच्या सुमाराला पंचांगात मृग लागला की घरातल्या प्रत्येकानं हिंग आणि गूळ मळून केलेली गोळी गिळायची, पावसाळ्यात पोट बिघडू नये म्हणून. कोकणात मृगाला पाऊस येत असेल. काशीत मृग म्हणजे नुसता कहर. इथले शेतकरी उलट म्हणतात, की मृगानं तापावं आणि आर्द्रेनं बरसावं. पण घराण्याच्या कुणा मूळपुरुषानं कोकणातून येताना आपला पाऊसही पंचांगात बांधून आणला होता, आणि तो लूचे तापलेले वारे वाहणाऱ्या काशीत दरवर्षी हिंगाच्या गोळीनं साजरा होत होता. घामानं निथळणाऱ्या पायगुंड्यांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एका वर्षी मृगाच्याच दिवशी, दुपार कलल्यावर, बिंदुमाधव बनारसच्या काठावर उभा राहून पूल बघत होता. जिभेवर अजून हिंगाची चव होती. ऊन पाठीमागून येत होतं, पाणी स्वच्छ दिसत होतं, आणि त्या पाण्यावरून एक टरबूज डुलत आलं. मग चार आली. मग वेलच्या वेल आले, पानांसकट.

पुलावरची माणसं हरखली. फळ्यांवर पालथं पडून लोक टरबुजं उचलायला लागले. खाली भोसले घाटावर पोरांनी उड्या टाकून पायऱ्यांवर ढीग रचला, असं कालिंदीनं नंतर सांगितलं. फुकट ते पौष्टिक. बिंदुमाधवनं मात्र नदीच्या वरच्या अंगाला बघितलं. टरबुजं लावतात ती नदीच्या उघड्या वाळूत. ती वेलासकट वाहून येतात म्हणजे वरची वाळू बुडाली. कुठेतरी वर, चंबळेच्या अंगाला, अवेळी पाऊस झाला होता आणि नदी चढली होती, फक्त इथे अजून पोचली नव्हती. पाण्याचा रंगही बदलला होता, आणि मधल्या पिप्यांचे साखळदंड सकाळपेक्षा ताठ झाले होते.

त्यानं दफ्तरात फोन लावला. मोठे साहेब, माथुर, मसुरीला हवा खायला गेले होते. हेडक्लार्क सक्सेनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की आज तारीख कोणती. पंधराला अवकाश आहे, साहेब परत आले की लेखी प्रस्ताव द्यावा, असं तो म्हणाला. तोपर्यंत पूल राहणार नाही, असं बिंदुमाधवनं सांगितलं. त्यावर सक्सेनानं समजावलं, की पूल वाहून गेला तर तो दैवी कोप, त्यासाठी नियम आहे. पण माणसानं तो आधीच काढला तर त्यासाठी नियम नाही. एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

बिंदुमाधव परत काठावर आला. पुलाच्या टोळीचा म्होरक्या रामसूरत मल्लाह फळीवर बसून टरबूज खात होता. बिंदुमाधवनं त्याला पूल सुटा करायला सांगितलं. रामसूरतनं बी थुंकली आणि वर बघितलं.

“हुकुम आयल हौ, बाबू?”

“हौ.”

“केकर?” कुणाचा, ते रामसूरतला हवं होतं.

“हमार,” बिंदुमाधव म्हणाला.

रामसूरतनं उरलेलं टरबूज पाण्यात टाकलं आणि हाका मारायला सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत आणि पुन्हा फटफटल्यापासून टोळी राबली. तुळया जोडणाऱ्या कीली निघाल्या, फळ्या निघाल्या, नांगर उचलले गेले, आणि पिपे ओढून रामनगरच्या काठाला खुंट्यांना बांधले. पलीकडे एक वरात अडकली. नवरदेवाला नावेतून न्यावं लागलं, बॅण्डवाल्यांचा मोठा ढोल भिजला, आणि नवऱ्याच्या चुलत्यानं बिंदुमाधवच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नदी तोवर शहाण्यासारखी वाहत होती. बिंदुमाधवला स्वतःचीच शंका यायला लागली.

मग गंगा आली. झाडं, छपरं, मेलेली गुरं घेऊन आली आणि काठ खात गेली. चार दिवस थैमान घालून ती उतरली, जसं काही झालंच नव्हतं. रामनगरच्या काठाचे पिपे एकूण एक जागेवर होते. एकालाही पोचा नव्हता, आणि बिंदुमाधवचं तिथेच चुकलं.

कारण नदीच्या खालच्या अंगाला याच खात्याचा आणखी एक पूल होता. तो दुबे नावाच्या ओव्हरसियरकडे होता. दुबे नियमाचा माणूस. त्यानं पंधरा तारखेची वाट पाहिली आणि पूल मधोमध तुटून गेला. पिपे कुठल्या कुठे वाहत गेले. मग दुबे कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दोर ओढताना वर्तमानपत्रात झळकला. चिखलात रुतलेले निम्मेअधिक पिपे त्यानं परत आणले. खात्यानं त्याचं जाहीर कौतुक केलं आणि दिवाळीच्या आत त्याला असिस्टंट इंजिनियर केलं. बिंदुमाधवला आरोपपत्र मिळालं. विना आदेश, मुदतीपूर्वी सरकारी पूल काढून जनतेची गैरसोय केली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे तर चोराला हारही घातला होता. दुबे काही चोर नव्हता म्हणा. त्यानं फक्त डोळे मिटून घेतले होते, आणि आपल्याकडे त्यालाच शिस्त म्हणतात.

चौकशीला माथुर साहेब स्वतः बसले. माणूस वाईट नव्हता. फक्त कागदावर मावेल तेवढंच जग त्यांना दिसायचं.

“आप कह रहे हैं, पुल बह जाता. बहा क्या?”

“उतार लिया था, इसलिए नहीं बहा.”

“मतलब, नहीं बहा,” साहेब म्हणाले, आणि टाइपिस्टनं तेवढंच टिपलं.

बिंदुमाधवनं दुब्याच्या पुलाचा दाखला दिला. साहेब म्हणाले, की दुब्यावर काही आरोप नाही, त्याचा विषय इथे काढू नये. बिंदुमाधवनं पाण्याचा रंग सांगितला, साखळदंड सांगितले, टरबुजं सांगितली. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी कळवळून म्हणाले, की टरबूज मी अहवालात कसं लिहू, मला काहीतरी आधार द्या. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? बिंदुमाधवचं डोकं फिरलं. इतका वेळ तो खरं बोलत होता आणि ते कुणाला नको होतं. म्हणून तो तोंडाला येईल ते बोलला.

“उस दिन मृग लगा था, साहब. हमारे घर में उस दिन हींग की गोली खाते हैं. मैंने भी खाई, और आकर पुल खोल दिया. लिख लीजिए.”

आता साहेब भडकतील, असं त्याला वाटलं होतं. पण साहेबांचा चेहरा उजळला.

“अरे, तो यह परंपरा है,” ते म्हणाले. “पहले क्यों नहीं बताया?”

त्यांना काय सापडलं होतं, ते बिंदुमाधवला पुढे कळलं. लखनऊहून विचारणा येत होती, की बाकीचं नुकसान झालं असताना हा एकच पूल कसा वाचला. एका ओव्हरसियरनं डोकं चालवलं, असं उत्तर देता येत नव्हतं, कारण मग बाकीच्यांनी का चालवलं नाही असा प्रश्न आला असता. परंपरेला डोकं लागत नाही, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. पायगुंड्यांनी नियम मोडला नव्हता; त्यांनी दुसरा, अधिक जुना नियम पाळला होता. अहवाल गेला, आणि हिवाळ्यात हुकूम आला. यापुढे खात्याचे सगळे पिप्यांचे पूल मृग नक्षत्र लागण्याच्या दिवशी, म्हणजे सात जूनला, उतरवावेत. आरोपपत्र रद्द झालं नाही, नुसतं बाजूला ठेवलं. वर्षभर वागणूक नीट राहिली तर ते फाडायचं आणि बढतीचं नाव पुढे पाठवायचं, असं माथुर साहेबांनी तोंडी सांगितलं.

घरी ऐकून कालिंदी आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “पण इथे मृगाला पाऊस येतोच कुठे? तुम्ही जरा सोचून बोलायचं तरी.” बिंदुमाधव म्हणाला, की सोचून बोललेलं त्यांनी लिहून घेतलं नाही. क्वार्टर मात्र आता खरंच जवळ आलं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

दफ्तरात त्याचं नाव मिरगाबाबू पडलं. सक्सेना हुकुमाला ‘पायगुंडे नियम’ म्हणायला लागला. गणपती करायला जावं आणि मारुती व्हावा, तशातली गत. फरक एवढाच की या मारुतीला शेंदूर फासून सरकारनं त्याची देवळंही बांधली होती. बिंदुमाधवला रात्रीची झोप लागेना. पंधरा जून निदान परक्याची चूक होती. सात जून त्याची स्वतःची होती.

पुढचा उन्हाळा आला तो आग घेऊन. मे संपला तरी वळवाचा थेंब नाही. नदी इतकी आटली की पुलाच्या दोन्ही टोकांचे पिपे वाळूत टेकले. पाणी मधल्या अरुंद पट्ट्यात उरलं होतं आणि तेही काचेसारखं. टरबुजं काठावर गाड्या भरभरून विकली जात होती, एकही वाहून येत नव्हतं. आणि अशात सात तारीख उजाडली.

कालिंदीनं हिंगाची गोळी हातावर ठेवली. बढतीच्या यादीत नाव गेल्याचं सक्सेनाच्या बायकोनं तिला देवळात सांगितलं होतं. बिंदुमाधवनं गोळी गिळली, सायकल काढली आणि पुलावर गेला. वाटेत तो स्वतःला समजावत होता. हुकूम दफ्तराचा आहे. सही साहेबांची आहे. लोकांना पंधरावीस दिवस आधीपासून नावेतून जावं लागेल, तेवढ्यानं कुणी मरत नाही. वर्षानुवर्षं सगळे जसं जगतात तसं एक दिवस जगून दाखवायचं, एवढंच तर करायचं आहे.

पुलावर वर्दळ होती. लग्नसराई होती, बैलगाड्या होत्या, दुधाचे हंडे होते. चौघेजण एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेत होते. वाळू तापलेली, त्यामुळे त्यांची पावलं भरभर पडत होती. पुढचा माणूस, बहुतेक मुलगा असावा, बिंदुमाधवला ओव्हरसियर म्हणून ओळखत होता. त्यानं खाट खांद्यावर तशीच पेलत विचारलं, की संध्याकाळी बापाला परत आणायचं आहे, तोवर पूल असेल ना.

बिंदुमाधवनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि दुसरीकडे बघितलं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

माथुर साहेब अकराला येणार होते. नव्या नियमाची पहिली कील त्यांच्या हस्ते निघणार होती, फोटोग्राफर सांगितला होता. त्याआधी पूल रिकामा करून ठेवायचा होता. रामसूरत हातोडा घेऊन मधल्या पिप्यावर उभा होता. त्यानं नदीकडे बघितलं, मग बिंदुमाधवकडे.

“हुकुम आयल हौ, बाबू?”

“हौ. दफ्तर क.”

“अउर आपक?”

दफ्तराचा आला, आणि तुमचा? एवढंच त्यानं विचारलं. टोमणा नव्हता तो. गेल्या वर्षी हुकूम बाबूचा होता, म्हणून या वर्षीही विचारलं. बिंदुमाधवला खूप काही बोलायचं होतं. क्वार्टरचं सांगायचं होतं, आरोपपत्राचं, कालिंदीच्या गुडघ्यांचं आणि तीन मजल्यांचं. पण ते त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

“हमार नाहीं हौ,” तो म्हणाला.

रामसूरतनं हातोडा फळीवर ठेवला आणि टोळीला सांगितलं, की जेवून घ्या. खाटवाले परत फिरतील तेव्हा पूल असेल, हे सांगायला बिंदुमाधव बनारसकडच्या टोकापर्यंत त्यांच्यामागे गेला.

साहेब आले तेव्हा पुलावरून उसाच्या रसाचा एक गाडा सावकाश चालला होता. फोटोग्राफरनं कॅमेरा काढला आणि पुन्हा ठेवून दिला. माथुर साहेबांनी बिंदुमाधवला बाजूला घेऊन विचारलं, की आजच मृग आहे ना.

“है, साहब. लेकिन नदी को नहीं मालूम.”

“नियम आपका है, पायगुंडेजी.”

“मेरा नहीं है. मैंने तो नदी देखी थी. आपने तारीख देखी.”

साहेबांचा आवाज चढला नाही. पूल उघडला नाही तर तुमची फाइल उघडेल, एवढंच त्यांनी सांगितलं आणि पाच मिनिटं वाट पाहिली. टोळी झाडाखाली सत्तू खात होती, आणि साहेबांना स्वतःला कील काढता येत नव्हती. जीप निघून गेली.

घरी कालिंदीनं ऐकलं आणि ताटं उचलली. कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. एकदाच तिचा बांध फुटला. “दरवर्षी तुम्हीच का?” ती म्हणाली. “अख्ख्या महकम्यात सोचायला दुसरं कुणी माणूसच नाही का?” तिचं चुकत होतं असं त्याला वाटत नव्हतं. पाण्याची कळशी घेऊन ती जिना चढायची तेव्हा तो तिच्या हातातून कळशी घ्यायचा, आणि ती पुन्हा काढून घ्यायची.

नदी जून सरत येईपर्यंत हलली नाही. बाकीचे पूल नियमाप्रमाणे सातला निघाले होते आणि त्या काठांवरची माणसं कोरड्या नदीकडे बघत नावांसाठी भांडत होती. आर्द्रा लागली, दोन सरी आल्या, आणि एका दुपारी, ऊन पाठीशी असताना, बिंदुमाधवला पाण्यात तो रंग दिसला. त्यानं रामसूरतला हाक मारली. या वेळी रामसूरतनं काही विचारलं नाही. पूल आरामात निघाला, पाणी मागाहून चढलं, आणि पुन्हा एकाही पिप्याला पोचा आला नाही.

पुन्हा तेच चुकलं. बढतीच्या यादीतून नाव गेलं. जुनं आरोपपत्र बाहेर आलं आणि त्याला नवं जोडलं गेलं. पायगुंडे नावाच्या कर्मचाऱ्यानं पायगुंडे नियमाचा भंग केला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. चौकशी अधिकारी म्हणून असिस्टंट इंजिनियर दुबे आला.

दुब्यानं बाकीचे प्रश्न भराभर संपवले. मग टाइपिस्टला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढली. कोरड्या नदीवरचा पूल काढला म्हणून त्याच्या हाताखालच्या टोळीवर या वर्षी लोकांनी दगड मारले होते. गेल्या वर्षी पूल वाहून गेला तेव्हा एक मल्लाह, त्याच्या टोळीतला नावाडी, पिप्याबरोबर वाहून गेला होता, ते वर्तमानपत्रात आलं नव्हतं. हे सांगताना त्यानं बिंदुमाधवकडे बघितलं नाही.

“सच बताइए, भाई साहब,” तो म्हणाला. “आपको पता कैसे चलता है?”

बिंदुमाधवला त्याचा राग होता. वर्षभर साठवलेला राग होता. पण माणूस खरोखरच विचारत होता, आणि या खात्यात त्याला असं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. तो म्हणाला, की यात विद्या काही नाही. जाऊन नदी बघावी लागते. रोज बघावी लागते. आणि दिसलं तर तारीख विसरावी लागते. दुबे बराच वेळ मान हलवत राहिला. बिंदुमाधवला वाटलं, एका माणसाला तरी कळलं.

दुब्याला कळलं होतं. तो मनापासून लढला, वरपर्यंत गेला, आणि त्याच्या प्रयत्नांनी दोन्ही आरोपपत्रं मिटली. बढती गेली ती गेलीच, पण नोकरी राहिली. सात जूनचा हुकूमही रद्द झाला. त्याच्या जागी नवा हुकूम निघाला, की प्रत्येक पुलाच्या ओव्हरसियरनं एप्रिलपासून रोज सकाळी दहा वाजता नदीचं अवलोकन करावं आणि रजिस्टरात सही करावी. काठावर त्यासाठी पत्र्याची टपरी उभी राहिली. दुब्यानं स्वतः येऊन बिंदुमाधवचा हात हातात घेतला. आपण जिंकलो, असं तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून बिंदुमाधव काही बोलला नाही.

सकाळी दहाला ऊन समोरून येतं. बनारसच्या काठावरून तेव्हा पाण्यावर नुसती चकाकी दिसते; रंग दिसत नाही, वेल दिसत नाहीत, काही म्हणजे काही दिसत नाही. बिंदुमाधव दहाला येतो, टपरीत जाऊन सही करतो आणि कपाळावर हात धरून चकाकीकडे तोंड करून उभा राहतो, कारण सक्सेना कधीकधी तपासायला येतो. मग दुपार कलल्यावर, ऊन पाठीशी आलं की, तो पुन्हा येतो आणि नदी बघतो. हे त्यानं कालिंदीला सांगितलंय आणि रामसूरतला न सांगताच कळलंय. दफ्तरात तो अवाक्षर काढत नाही. तिथे सांगितलं तर त्याचीही वेळ ठरेल.